बटण मी बंद केलतं

आमच्या घरात आईवरचा एक विनोद वीस-बावीस वर्षं चालला. पाहुणे आले, चहा झाला, गप्पा रंगल्या की अण्णा, म्हणजे माझे वडील, तो काढायचेच. "वायरमनची बायको, पण चालू कुठलं नि बंद कुठलं, हिला अजून कळत न्हाय." पाहुणे हसायचे. मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. आई आतून एवढंच म्हणायची, "मी बटण बंद केलतं." तेही आमच्या हसण्यात बुडून जायचं.

अण्णा आठवडाभर इचलकरंजीला यंत्रमागांच्या शेडमध्ये मोटारींची कामं करायचे आणि सुट्टीच्या दिवशी कोल्हापुरात लोकांच्या घरचं वायरिंग. त्यांच्या दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. पहिली म्हणजे टेस्टर. तो कायम शर्टाच्या खिशात; करंट असला की त्यातला बारका दिवा लागतो. "बटण खोटं बोलतंय, टेस्टर न्हाय," असं म्हणत ते बंद केलेल्या जागीही आधी टेस्टर टेकवायचे, मगच हात. दुसरी गोष्ट गाठीची. फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेला, लाल वायर आणि परतीच्या न्यूट्रलला काळी, हा नियम. पण लाल वायर संपली आणि दोन्ही काळ्याच ओढायची वेळ आली, तर फेजच्या वायरीला दोन्ही टोकांना ते एकेक सैल गाठ मारायचे. गाठीची वायर बटणात जायची. बटणानं फेजच तोडली पाहिजे, म्हणजे बंद केल्यावर होल्डरपर्यंत करंट पोचत नाही. चुकून न्यूट्रल तोडली तरी दिवा विझतो, सगळं ठीक दिसतं, पण वरचा होल्डर जिवंतच असतो. हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या मुलांना तेच शिकवायला लागले.

आता त्या विनोदाबद्दल. मी नववीत होते. वैशाखी पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती, आई पुढची खोली आवरत होती. ही खोली अण्णांनी मागाहून वाढवलेली, तिचं वायरिंगही त्यांनीच एका सुट्टीत उरकलेलं. बुद्धमूर्तीवरचा बल्ब गेला होता. आईनं स्टूल घेतलं, जुना बल्ब काढला आणि नवा बसवताना तिचा अंगठा होल्डरच्या आत गेला. शॉक बसून ती स्टुलावरून खाली आली ती डाव्या मनगटावर. शेजारच्या काकू ओरडा ऐकून धावत आल्या आणि घाबरून त्यांनी दिसेल ते बटण दाबलं, त्यामुळं कुठलं चालू होतं नि कुठलं बंद, याला पुरावा काही राहिला नाही.

अण्णा संध्याकाळी आले. आईचा हात तोवर प्लॅस्टरमध्ये. ती म्हणाली, "अवो, मी बटण बंद केलतं." अण्णा म्हणाले, "बंद असतं तर शॉक बसला कसा?" मग स्टुलावर चढून त्यांनी एका हातानं नवा बल्ब अलगद बसवला, होल्डरला बोटही न लावता, आणि उतरले. मी तिथंच उभी होते. मला त्यांचंच पटलं. गणितासारखं सरळ होतं ते. बंद असेल तर शॉक नाही, शॉक बसला म्हणजे चालू होतं.

आईचं मनगट वाकडं जुळलं. भाकरी थापताना ती डावा हात नुसता टेकवते आणि सगळा भार उजव्यावर घेते. त्या दिवसापासून बल्ब बदलायचा असला की ती आधी घराचा मेन स्विच पाडायची. पंखा बंद, टीव्ही बंद, सगळ्यांचा वैताग. "एका बल्बसाठी सगळं गाव अंधारात," अण्णा म्हणायचे. विनोदाला नवं शेपूट मिळालं. आणि मी? मी शिकवायला लागल्यावर दरवर्षी पहिल्या तासाला हाच किस्सा सांगायचे. "माझी आई वायरमनची बायको, तरी बटण बंद न करता स्टुलावर चढली." मुलं हसायची, वर्ग माझ्या मुठीत यायचा. चांगला चालायचा तो किस्सा.

तीन वर्षांपूर्वी मी पुढच्या खोलीत जुना पिवळा बल्ब काढून एलईडी लावला. आठवड्यानं आई म्हणाली, "ह्यो बंद केला तरी पेटतोय." मी म्हटलं, "तुला भास होतोय." अण्णा म्हणाले, "आजकालचा माल." आई गप्प बसली नाही. एका रविवारी भर दुपारी तिनं खोलीच्या खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि मला हाताला धरून आत नेलं. "बघ."

बटण बंद होतं. आणि बल्बमध्ये काजव्याएवढा उजेड होता.

असा मंद उजेड का राहतो, हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवते. बऱ्याचदा एकच कारण निघतं, बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असतं. तरीही माझं डोकं ते मान्य करायला तयार नव्हतं, कारण वायरिंग अण्णांचं होतं. खिडक्या उघडून स्टुलावर चढले, बटण बंदच ठेवलं, बल्ब काढला आणि होल्डरच्या एका पिनेला टेस्टर टेकवला. टेस्टर लागला.

खाली बोर्ड उघडला. आत दोन काळ्या वायरी. बटणातल्या वायरीला गाठ होती, अण्णांची, ओळखीची. मेनचा बोर्ड उघडला, तिथंही फेजला गाठ होती. पण मेन पाडून एकेक वायर तपासली तेव्हा कळलं की या दोन गाठी एका वायरीच्या नव्हत्याच. एका टोकाला एकीला मारलेली, दुसऱ्या टोकाला दुसरीला. घाईच्या त्या सुट्टीत, दोन काळ्या वायरींमध्ये, अण्णांचा हात चुकला होता. बटण इतकी वर्षं न्यूट्रल तोडत होतं.

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आईचा आला नाही. अण्णांचा आला. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरतो, काम सुटलेलं. आपल्या वायरिंगमध्ये कधी खोट निघाली नाही, एवढ्या एका वाक्यावर त्यांचे दिवस चालले होते. वायरींची अदलाबदल हे पाच मिनिटांचं काम. गुपचूप करावं आणि बल्बच खराब होता म्हणून सांगावं, असं मी ठरवलंसुद्धा.

पण आई स्टुलापाशी उभी होती. तिनं टेस्टर लागलेला पाहिला होता. इतकी वर्षं वायरमनच्या घरात काढल्यावर तो लागल्याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. ती माझ्याकडं बघत राहिली. आतून अण्णांनी विचारलं, "काय झालं गं?"

मी म्हणाले, "अण्णा, ह्या खोलीचं बटण न्यूट्रलला हाय."

ते भिंत धरत आले. खिशातून स्वतःचा टेस्टर काढला. "मेन चालू कर," म्हणाले. स्टुलावर चढायचं त्यांना जमत नव्हतं, म्हणून मी एका बाजूनं धरलं आणि दुसऱ्या बाजूनं आईनं, त्या वाकड्या हातानं. टेस्टर दोनदा घसरला. तिसऱ्यांदा लागला. त्यांनी मला बटण चालू करायला लावलं, पुन्हा बंद करायला लावलं, पुन्हा टेकवला. मग उतरून त्याच स्टुलावर बसले.

"मी बटण बंद केलतं," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता.

"व्हय," अण्णा म्हणाले. "केलतंस."

माफी, रडारड असलं काही झालं नाही. आई आत गेली आणि चार दिवस आमच्या दोघांशीही बोलली नाही. ताट वाढायची, पण बोलायची नाही. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. तिला राग आला होता, आणि तो बरोबर होता. मला स्वतःची लाज वाटत होती. बंद बटणावरही विश्वास न ठेवणारा माणूस त्या एका संध्याकाळी टेस्टर खिशातच ठेवून बसला. बटण खरं आणि बायको खोटी, असं त्यानं धरलं आणि मीही तेच धरलं. शिकून सवरून, प्रमाणपत्र भिंतीवर लावून मी एकदाही स्टुलावर चढून बघितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी गारगोटीहून मामा आले. चहा झाला. अण्णांनी घसा साफ केला आणि मला वाटलं, आता तोच विनोद निघणार. पण ते म्हणाले, "पावणं, तुमच्या बहिणीनं बटण बंद केलतं. गाठ मी चुकवली." मामांना कळेना हसावं की काय करावं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "टेस्टर लावला न्हवता, त्ये पण सांगा की!"

"लावला न्हवता," अण्णा म्हणाले.

त्यानंतर येईल त्या पाहुण्याला ते हे सांगत राहिले. आईनं एकदाही 'आता पुरे' म्हटलं नाही. मला मात्र तिनं एका सकाळी डबा भरताना विचारलं, "तू पोरांना सांगतीस न्हवं माझं? आता काय सांगणार?"

त्या वर्षी नव्या बॅचच्या पहिल्या तासाला मी सगळं सांगितलं. बल्ब, स्टूल, दोन काळ्या वायरी, दोन टोकांच्या दोन गाठी. या वेळी कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, पण तुमच्या आईंनी तेव्हाच सांगायचं की, बटण बंद होतं म्हणून."

मी खडू खाली ठेवला.

"सांगितलं होतं," मी म्हणाले.