कर्वेनगरातले हिरवे ठिपके

वर्ध्याहून निघालेली ट्रॅव्हल्स पुण्यात शिरली तेव्हा मी अर्धवट झोपेत होतो. बाहेर धुकं, धुक्यात दुधाच्या गाड्या अन् कानटोप्या घालून फिरायला निघालेली माणसं. आपण जागे आहोत की नाही, तेच कळेना. उतरून रिक्षावाल्याला कर्वेनगर म्हटलं.

"कर्वेनगर मोठं आहे. सगळं दाखवू?" तो म्हणाला.

तेव्हा कुठे खात्री पटली, पुणं आलं.

वसुधाताईंचं घर एका सोसायटीत तळमजल्यावर. अंध मुलांसाठी त्या क्रमिक पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. गावोगावची मुलं ती फोनवर ऐकून अभ्यास करतात. हे सगळं साठवणारे, एकमेकांना जोडलेले सहा सर्व्हर मागच्या खोलीत होते. त्यांच्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायला मी आलो होतो. एखादा अडला की ताईंच्या फोनवर निरोप जावा, एवढंच काम.

आधी पोहे आले. आमच्याकडे पोह्यांवर तर्री (झणझणीत रस्सा) लागते.

"ते इथे मिळणार नाही. खोबरं आहे, गोड मानून घ्या," ताई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "लेकीला नववा लागलाय. विश्रांतवाडीला असते. आई, राहायला ये म्हणून रोज रडते. पण मुलांच्या परीक्षा तोंडावर. मी तिकडे अन् ही यंत्रं बंद पडली, तर कळणार कोणाला?"

विश्रांतवाडी म्हणजे याच शहरात! आमच्याकडे एवढ्या अंतरावर लोक नुसते जेवायला जातात, असं म्हणणार होतो. पण ताईंचे डोळे भरले होते. पोह्यांवर आणखी खोबरं घेतलं.

मागच्या खोलीत दुपारभर पंख्यांची एकसुरी घूं घूं. तपासायला म्हणून एक धडा लावून ठेवला होता. ताईंचा आवाज संथपणे नद्यांची नावं सांगत होता. आत्ता कुठल्याशा गावात, ओसरीवर बसून एखादी मुलगी हेच ऐकत असेल, असं वाटून मला फार बरं वाटलं. पडद्यावर एकेक हिरवा ठिपका उमटला, तिन्हीसांजेला घराघरांत दिवे लागावेत तसा. काम करतोय की स्वप्न बघतोय, याचं भान उरलं नाही.

एक सर्व्हर बंद करून दाखवला. ताईंच्या फोनवर लगेच निरोप.

"आणि सगळेच गेले तर?" असं म्हणत त्यांनी थेट मुख्य खटका खाली ओढला.

बाप्पा! खोली चिडीचूप. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. काही येईना. येणार कुठून? नजर ठेवणारं सॉफ्टवेअर मी त्याच सहांतल्या एकावर बसवलं होतं.

"राखणदारालाही आत कोंडलंत होय? हुशार आहात." ताईंनी लेकीला फोन लावला. "नाही गं, जमेलसं दिसत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीत बसून राहिलो. बाहेर गुलमोहराची सावली भिंतीवर हलत होती अन् मला घराची आठवण येत होती. घर! तिथे फळीवर माझा जुना लॅपटॉप पडलाय की!

"ताई, राखणदार माझ्याकडे ठेवतो. हे सहाजण त्याला सारखं 'आहोत' म्हणत राहतील. गप्प झाले की तो तुम्हाला कळवेल."

"वर्ध्याहून कर्वेनगरवर नजर?"

"हो जी."

ताई पहिल्यांदा हसल्या. मी खटका वर केला, बायकोला फोन करून लॅपटॉप सुरू करवला, इथूनच सगळं जोडलं. पुन्हा खटका ओढला. पुन्हा चिडीचूप. आणि ताईंचा फोन वाजला! खोलीची किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन, डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन त्या त्याच संध्याकाळी रिक्षात बसल्या.

मी वर्ध्याला परतलो. पण माझ्यापेक्षा लांबचा प्रवास ताईंनीच केला, कर्वेनगर ते विश्रांतवाडी.

परवा दुपारी डुलकी लागत होती, तेवढ्यात फळीवरचे सहाही ठिपके लाल. धडपडत ताईंना फोन लावला.

"कळलं मला. वीज गेली होती, शेजारी गेलेत बघायला."

एकेक ठिपका हिरवा होऊ लागला. मी ओरडलोच, "ताई, झाले! सगळे हिरवे झाले!"

"झाले ना? मग हळू बोला. नात आत्ताच झोपलीय."