ला पाझच्या चर्चबाहेर काढलेले बूट

ठाण्याच्या खाडीकाठी, मिठागराच्या बांधावर वाढलेल्या माणसाने बारा हजार फुटांवर जाऊच नये. पण आमची मालबोट इंजिनातल्या बिघाडामुळे चिलीच्या आरिका बंदरात अडकली, कप्तानाने पाच दिवसांची सुटी दिली आणि मला हुक्की आली. चामड्याची पिशवी पाठीला बांधली आणि बोलिव्हियातल्या ला पाझला जाणारी आगगाडी पकडली.

पिशवीत पासपोर्ट, खलाशाचे कागद आणि परतीचे तिकीट होते. ते गेले असते तर बोट मला न घेताच सुटली असती. आणि आईने मला बोटीवर धाडले होते ते एकाच अटीवर. "कंच्याबी मुलखान जा," ती म्हणाली होती, "पन शिमग्याला घरा ये." शिमगा दोन महिन्यांवर आला होता.

गाडी डोंगर चढू लागली तसे डोके ठणकू लागले. एका वळणावर खाली शहर दिसले. भल्यामोठ्या कढईत घरे ओतावीत तसे ते पसरले होते आणि मागे बर्फाचा डोंगर उभा होता. मी हरखून गेलो. स्टेशनाबाहेर मात्र वीस पावले चढलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. याला तिथे सोरोचे (उंचीवर लागणारी धाप) म्हणतात.

बाजारात एका टपरीवर गरम सूप प्यायलो. त्यात चुन्यो (थंडीत गोठवून वाळवलेले बटाटे) होते. आमच्याकडे मासे वाळवतात, यांच्याकडे बटाटे. चव मातकट, पण अंगात ऊब आली.

मग चौकातल्या जुन्या चर्चकडे गेलो. दाराशी पोचताच सवयीने बूट काढले. पिशवीही चामड्याची, ती देवासमोर कशी न्यायची? बुटांशेजारी ठेवली. आत हात जोडून म्हटले, "देवा, शिमग्याला घरी पोचव." बाहेर येतो तो बूट नाहीत आणि पिशवीही नाही!

माझ्या अकलेचे दिवाळे पाहून मला रडूच कोसळले. अनवाणी धावलो, पण त्या हवेत धावणार किती? गार फरशीवर पाच-पंचवीस पावले गेलो आणि मटकन खाली बसलो. छाती भात्यासारखी चालली होती. डोळ्यांपुढे आई दिसत होती, दाराशी उभी.

"देस्पासियो, इहो! (सावकाश, लेकरा!)"

समोर भाजीवाली बसली होती. डोक्यावर गोल काळी टोपी, अंगावर एकावर एक घातलेले घेरदार घागरे. तिने हसत घागऱ्याची कड उचलली. खाली माझी पिशवी होती, वर दोन्ही बूट! दोन भामटे टपले होते, हे तिने खुणांनी सांगितले. मग बुटांकडे, चर्चकडे आणि माझ्या डोक्याकडे बोट दाखवून तिने जे सुनावले ते भाषा न कळताही कळले. कागद तपासले, सगळे जागच्या जागी होते. मी तिचे हातच धरले. मिठागरातल्या बायकांसारखेच भेगाळलेले हात. माझे निळे पडलेले पाय पाहून तिने मागे हात घालून लोकरीचे जाड मोजे काढले आणि माझ्या पायांत चढवले. पैसे द्यायला गेलो तर हातावर चापटी मिळाली.

बोट मिळाली. शिमग्याच्या आदल्या दिवशी मी ठाण्याला उतरलो.

"आयलास रं बाला!" एवढेच आई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. जेवताना सारी हकिगत सांगितली. बुटांचा भाग ऐकून ती ठसका लागेपर्यंत हसली. मग मी मोजे तिच्यापुढे ठेवले. मिठाने तिच्या टाचा कायम फुटलेल्या, तिलाच ते हवेत. तिने ते उलटसुलट केले, आतून हात फिरवला. मी ते त्या एकाच दिवशी घातले होते, तरी टाचेशी लोकर झिजून पातळ झाली होती.

"आनि त्या बायच्या पायान (पायात) काय व्हता रं मंग?"

मी आठवू लागलो. टोपी आठवली, घागरे आठवले, हात आठवले. पिशवी मिळाल्याच्या आनंदात तिच्या पायांकडे मी पाहिलेच नव्हते.