टाकीतले सोळा मासे

चिचखेडीच्या हेमराज डहारेला कंपनीनं शाल आणि नारळ दिलं, ते मासे जिवंत ठेवल्याबद्दल. आणि दिलं कोणी, तर ज्या कंपनीनं चिचखेडीचा अख्खा नाला मारून टाकला, तिनंच. आता यावर हसावं की कोणाच्या कानाखाली वाजवावी, ते ऐकणाऱ्यानं ठरवावं.

आर्वीवरून तळेगावकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा फुटतो, तिथून आत गेलं की चिचखेडी. दोनशे घरं, कापूस, सोयाबीन, थोड्या संत्र्याच्या बागा. हेमराज जातीचा ढीवर. त्याचा आजा गावच्या नाल्यात जाळं टाकायचा, बाप टाकायचा, आणि नववीनंतर शाळेला रामराम ठोकून हेमराजही टाकायला लागला. नाल्याला डोह होते, डोहात मरळ होती, उथळ पाण्यात झिंगे होते. तळेगावच्या बाजारात त्याची टोपली दुपारच्या आत रिकामी व्हायची.

सात वर्षांपूर्वी गावाच्या वरच्या अंगाला रंगाची कंपनी आली. कापड रंगवायचा रंग आणि त्याला लागणारी रसायनं बनवते. जिथून आली, तिथल्या लोकांनी तिला टिकू दिलं नव्हतं म्हणे, पण हे मागाहून कळलं. आधी कळायला सरपंचाला हारतुऱ्यातून सवड कुठं होती? दोन वर्षांत नाला सोमवारी गुलाबी आणि बुधवारी निळा वाहायला लागला. मग एका सकाळी डोहातली सगळी मासोळी पोट वर करून तरंगली. लहान, मोठी, पोटात अंडी असलेली, सगळी. तीन दिवस गावात वास होता. पंचनामा करायला एक माणूस आला नाही, कोणी एक कागद काढला नाही. हेमराजनं जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि सहा महिन्यांनी त्याच कंपनीच्या गेटवर हेल्पर म्हणून उभा राहिला. लाज वाटली नाही का, असं विचारणारे पुष्कळ भेटले. त्यांच्यापैकी एकानं तरी त्याची चूल पेटवली असती, तर विचारायचा हक्क होता.

त्याला घातलं ईटीपीत. कारखान्याचं घाण पाणी जिथं साफ करतात, म्हणजे करतात असं सांगतात, त्या जागेला तिथले लोक ईटीपी म्हणतात. तिथं शेवटच्या पाइपाजवळ एक पांढऱ्या टाइलचा हौद होता आणि त्यावर बोर्ड: ‘आमच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात मासे आनंदाने जगतात.’ बोर्ड आधी लागला, मासे मागून आले. पहिल्यांदा नागपूरवरून नारिंगी मासे आणले. सकाळी सोडले, संध्याकाळपर्यंत मेले. तेव्हा प्लांट मॅनेजर धनंजय साहेबांना आठवलं की आपल्याकडे एक ढीवर आहे. हेमराजनं तलावातून रोहूची बोटभर पिल्लं आणली. तीही दोन दिवसांत गेली.

साहेब त्यालाच म्हणाले, “तू ढीवर ना? मग तुझे मासे मरतात कसे?”

वा रे वा. विष यांच्या पाण्यात आणि खोट ढिवराच्या जातीत. पुढच्या रविवारी, प्लांट बंद असताना, साहेबांनी त्याला बोअरवेलची लाइन मागच्या बाजूनं आणून हौदाला जोडायला सांगितली. पाइप जमिनीखालून घ्यायचा, वर फरशी टाकायची. कारखान्याच्या पाण्याचा निळा व्हॉल्व्ह तसाच ठेवायचा, फक्त बंद. हेमराजनं आपल्या हातानं ते सगळं केलं. हे त्यानं कधी लपवलं नाही, आणि इथंही लपवण्यात अर्थ नाही.

मग मासे जगायला लागले. सोळा रोहू होते. बोटाएवढे होते ते हातभर झाले. हेमराज कणकेच्या गोळ्या करून न्यायचा, काठावर बोटानं टकटक केलं की सगळे वर यायचे. एकाचा पर फाटका होता, तो सगळ्यात आधी. पाहुणे आले की साहेब त्यांना हौदापाशी आणायचे, हेमराज टकटक करायचा, मासे वर यायचे, पाहुणे फोटो काढायचे. पर्यावरण दिनाला त्याला शाल-नारळ मिळालं, तेही याच कामाचं. नारळाचा त्याच्या बायकोनं, छायानं, प्रसाद केला. शाल मात्र तिनं दाराआडच्या खुंटीला टांगली आणि कोणालाही दाखवली नाही.

गाडी अशीच चालली असती. पण मागच्या दिवाळीनंतर देवकाबाई त्यांच्या अंगणात आली.

देवकाबाई सत्तरीची. तिचं वावर नाल्याच्या काठाला लागून, वावरात विहीर, विहिरीवर संत्र्याची शंभर झाडं. दोन वर्षांपासून विहिरीचं पाणी लालसर यायला लागलं होतं. बैल विहिरीजवळच्या हौदाला तोंड लावून मागं सरायचे. झाडांची पानं कडेनं जळत होती. बाईनं बाटलीत पाणी भरलं आणि एसटीनं प्रदूषणाच्या सरकारी हापिसात घेऊन गेली. तिथल्या बाबूनं बाटली उजेडात धरून विचारलं, “काय आजी, सरबत आणलं का?” सत्तर वर्षांच्या बाईला. तरी तिनं अर्ज दिला, पोच घेतली, आणि सहा महिन्यांनी उत्तर आलं. ते वाचून घ्यायला ती छायाकडे आली होती. छाया अंगणवाडीत मदतनीस, सरकारी मराठी तिला बरोबर उलगडतं.

छायानं वाचलं: “तपासणीवेळी कारखान्याच्या मत्स्यटाकीतील मासे जिवंत व सुदृढ आढळून आले. सबब प्रक्रिया केलेले पाणी निर्धोक असून आपल्या तक्रारीत तथ्य नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.”

हेमराज भिंतीला टेकून उभा होता.

देवकाबाई त्याच्याकडे पाहून म्हणाली, “हेमराज, तुह्या मासोळीनं माही विहीर खोटी पाडली लेका. एक सांग मले. ते मासे खरंच त्या पाण्यात हाय का?”

हेमराज भिंतीपासून पुढं आला. मग म्हणाला, “नाई काकू. बोअरचं पाणी हाय. म्याच जोडलं.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त छायाला सांगितलं, “गिलासभर पाणी दे वो. घरचं पेता येत नाई.” पाणी पिऊन, कागदाची घडी करून ती गेली. त्या रात्री हेमराज जेवला नाही, आणि छायानंही त्याला ‘जेवा’ म्हटलं नाही.

एवढ्यावरही कंपनीचं पोट भरलं नव्हतं. तिला नाल्याच्या दुसऱ्या काठाला, देवकाबाईच्या वावराच्या धुऱ्याला लागून, आणखी एक प्लांट टाकायचा होता. त्यासाठी गावात जनसुनावणी लागली, म्हणजे लोकांनी बोलायचं आणि साहेबांनी लिहून घ्यायचं. तिच्या दहा दिवस आधी त्याच प्रदूषणाच्या हापिसातून तपासणीचे साहेब येणार होते. पुन्हा हौद पाहणार, पुन्हा मासे जिवंत, पुन्हा कागदावर विहीर खोटी. दुसरा प्लांट उभा राहिला की त्या शंभर झाडांना राम म्हणायला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

तपासणीच्या सकाळी धनंजय साहेब म्हणाले, “आज मासे उपाशी ठेव. पाहुणे आले की गोळ्या टाक, चांगले उड्या मारतील.”

हेमराज “हाव” म्हणाला. साहेबलोक हापिसात चहा आणि कचोरीला बसले. हेमराज हौदापाशी गेला आणि बोर्ड वाचला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यानं तो नीट, शब्द न् शब्द वाचला. मग त्यानं बोअरची लाइन बंद केली आणि निळा व्हॉल्व्ह उघडला. बोर्डावर जे लिहिलं होतं, तेच त्यानं केलं.

आधी पाण्याला फेस आला. मग मासे वर आले, कोणी टकटक केलं नसताना. तोंडं उघडून हवा घ्यायला लागले. फाटक्या पराचा काठाशी येऊन हेमराजच्या सावलीत थांबला. हेमराजला व्हॉल्व्ह बंद करावासा वाटला, हात तिथपर्यंत गेलाही. पण त्याला देवकाबाईचा गिलास आठवला आणि त्यानं हात मागं घेतला. साहेबलोक तोंड पुसत आले तेव्हा सोळाच्या सोळा आडवे झाले होते.

“हे काय आहे?” तपासणीच्या साहेबांनी विचारलं.

“कंपनीचं पाणी हाय साहेब,” हेमराज म्हणाला. “बोर्डावर लिवलं हाय ना.”

तपासणीच्या साहेबांनी काय लिहिलं असेल? लिहिलं, ‘मत्स्यटाकी देखभालीकरिता बंद आढळली.’ डोळ्यांसमोर सोळा मेलेले मासे, आणि टाकी बंद. अशा माणसाला पगार मिळतो आणि तो घरी जाऊन सुखानं झोपतो.

हेमराजला तिथूनच गेटबाहेर काढलं. त्यानं एकच मागितलं, मासे नेऊ द्या. घमेल्यात घालून त्यानं ते कुंपणाबाहेर नेले आणि हातभर खोल खड्डा करून पुरले. मासा मारणं हा त्याचा पिढीजात धंदा, त्याबद्दल त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण मारलेला मासा मातीत घालायची वेळ त्याच्या घराण्यात कोणावर आली नव्हती. तो खड्ड्याजवळ बसून रडला.

चौथ्या दिवशी रजिस्टरनं नोटीस आली. धनंजय साहेबांना राग अनावर झाला होता. एका हेल्परनं पाहुण्यांसमोर नाक कापलं, त्याला सोडायचा कसा? वकिलाला विचारायचंही सुचलं नसावं. कंपनीचा छापील कागद, खाली सही, सहीवर गोल शिक्का. हेमराजनं तो दोनदा वाचला आणि डोकं धरून बसला. “पोलिसात देतो म्हून लिवलं हाय त्यात,” तो म्हणाला.

छायानं कागद ओढून घेतला. चुलीवरची भाकर करपली तरी ती वाचतच होती.

“अवो, आयका,” ती म्हणाली. “‘आपण वरिष्ठांच्या परवानगीशिवाय मत्स्यटाकीचा बोअरवेल पुरवठा बंद करून त्यात कारखान्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले, त्यामुळे टाकीतील सोळा मासे तत्काळ मृत झाले. याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.’”

“वाचलं म्या.”

“वाचलं, पन समजलं नाई तुमाले. बोअरचं पाणी होतं, हे कोन म्हणून राह्यलं? कंपनीच. त्याइच्या पाण्यानं मासे मेले, हेबी कंपनीच म्हणून राह्यली. देवकाकाकू दोन वर्षं हेच सांगत फिरली, तं तिले सरबत म्हणे. आता त्याइनंच सही करून घरपोच देल्लं.”

हेमराजनं कागद परत हातात घेतला आणि या खेपेला तो हळूहळू, बोट ठेवून वाचला.

जनसुनावणी शाळेच्या मैदानात मांडव घालून झाली. समोर मोठ्या टेबलामागे सुनावणीचे साहेब, बाजूला कंपनीची माणसं, मधात पांढरा पडदा. धनंजय साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. झाडं, स्वच्छ पाणी, आणि मग हौद. हौदात सोळा मासे आणि काठावर शाल पांघरून हसणारा हेमराज. मांडवात कुजबुज झाली. नोकरीवरून काढलेल्या माणसाचा फोटो काढून टाकायचंही त्यांना सुचलं नव्हतं. हेल्परच तो, त्याचं कोणाला काय?

हेमराज उठला. खिशातली नोटीस काढत तो माइकपर्यंत गेला.

“साहेब, मले बोलता येत नाई,” तो म्हणाला. “कंपनीनं मले कागद देल्ला. तो तेवढा वाचा.”

सुनावणीच्या साहेबांनी कागद घेतला आणि मनातल्या मनात वाचायला लागले. अर्ध्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. बायकांच्या बाजूनं छाया उभी राहिली. “मोठ्यानं वाचा साहेब. सुनावणी हाय ना ही? आमालेबी आयकू द्या.”

त्यांना वाचावं लागलं. माइक चालू होता. ‘बोअरवेल पुरवठा’ पासून ‘तत्काळ मृत झाले’ पर्यंत प्रत्येक शब्द शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. मागं पडद्यावर मासे तसेच होते, कारण ते बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

“ही सही तुमची आहे?” साहेबांनी धनंजय साहेबांना विचारलं.

धनंजय साहेब आधी म्हणाले, संदर्भ वेगळा आहे. मग म्हणाले, शिस्तीचा प्रश्न होता. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते “हो” म्हणाले.

देवकाबाई काठी टेकत टेबलापर्यंत आली. कमरेच्या पिशवीतून तिनं आपलं ते घडी पडलेलं उत्तर काढलं आणि हेमराजच्या नोटिशीशेजारी ठेवलं. ओरडली नाही, रडली नाही.

“साहेब, मासे जिते होते म्हून माही विहीर चांगली होती,” ती म्हणाली. “आता मासे मेले. मंग लिवा.”

ती जागची हलली नाही. शेवटी साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, आणि त्यांचं लिहून होईस्तोवर देवकाबाई टेबलाला धरून तिथंच उभी होती.