पाहुण्यांसाठी थांबवलेला माग

"लांब उभा राहा. सोफ्याला तूस लागंल."

आमच्या वॉर्डाचा नगरसेवक माझ्या आप्पांना असं म्हणाला. महापालिकेच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, एकेरीत. आप्पा वयानं त्याच्या बापाएवढे. धुतलेला पांढरा शर्ट घालून गेले होते, पण मागावर जन्म काढलेल्या माणसाच्या भुवयांत, कानामागं कापसाचं तूस राहतंच. आप्पा मागं सरकले. मीही सरकले. त्याच सोफ्यावर आमच्या गल्लीतल्या घरांवर टपलेला बिल्डर पाय पसरून चहा पीत होता. त्याला कुणी उठवलं नाही.

आम्ही बेळगावच्या वडगावातले विणकर. पुढच्या खोलीत पॉवरलूम, मागच्या खोलीत चूल. आमची गल्ली रहिवासी भागातून काढून व्यापारी भागात टाकायचं घाटत होतं. म्हणजे राहत्या घराला बाजारपेठेतल्या दुकानाचा कर, आणि माग बंद. साड्या विणून तो कर कुणाच्या बापाला भरता आला नसता. घर विका आणि चालते व्हा, एवढीच वाट उरत होती. हरकती ऐकायला महापालिकेच्या साहेबांनी बोलावलं, म्हणून आम्ही गेलो होतो.

आप्पा बोलायला लागले. मोठ्यानं. जन्मभर खडखडाटात उभं राहिलं की कान जातात, आणि आपला आवाज किती चढलाय ते माणसाला कळत नाही.

"ओरडू नका," साहेब म्हणाले. "हा काय बाजार आहे?"

आप्पांना ते ऐकूच आलं नाही. "सायेब, माग गेला तर आमी खायाचं काय?" ते तसेच ओरडत राहिले. मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी फिसकन हसलं.

साहेब माझ्याकडं वळले. "तुमच्या गल्लीत माग चालतातच कुठे? आमची माणसं पाहणीला आली होती. एकही माग वाजत नव्हता. धंदा कधीच बंद पडलाय तुमचा."

ते खरं होतं. त्या दिवशी एकही माग वाजत नव्हता.

आमच्याकडं रीत आहे. उंबऱ्यावर पाहुणा आला की माग थांबवायचा. त्याला बोलता यावं, त्याचं ऐकता यावं. भिंतीला भिंत लागून घरं, म्हणून एकानं थांबवून भागत नाही, शेजारीही बटण बंद करतात. कुणाची मुलगी बघायला आले, कुणाचं मढं निघालं, की सगळी गल्ली गप्प. पाहणीची माणसं आली तेव्हा आईनं पदर सावरला, बटण दाबलं आणि हाक दिली, "सायेब आल्यात गं, थांबवा जरा!" शेवटच्या घरापर्यंत माग थांबले. त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, वर गोड म्हणून कुंदा दिला. खाल्ल्या घरचे वासे मोजतात म्हणतात. यांनी टेप लावून मोजले आणि वर सांगितलं, इथं माग चालत नाहीत.

मी पुढं झाले. "सायेब, माग तुमच्यासाठीच थांबवलते आमी. पाव्हणं म्हणून."

नगरसेवक सोफ्यावर रेलला. "आमच्यासाठी थांबवलता व्हय? मग आता कायमचाच थांबवा की गं."

हॉल खदाखदा हसला. बिल्डरच्या बशीत चहा सांडला. साहेबही हसले. आणि आप्पा हसले. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. सगळे हसतायत म्हणून तेही हसले, हात जोडून, "व्हय सायेब, व्हय" म्हणत. त्याहून क्रूर काही मी अजून पाहिलेलं नाही.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "सायेब चांगला हाय न्हवं? हसून बोलला."

मला रडू आलं नाही. राग आला. त्या लोकांचा आला, आणि आमच्या रीतीचाही तेवढाच आला. पाहुणा म्हणून मान दिला, त्यांनी त्याचाच फास करून आमच्या गळ्यात घातला.

गल्ली व्यापारी झाली. मग दुकानाचा कर लावायला घर मोजायची माणसं आली. पुढं तोच नगरसेवक. बुटासकट उंबरा ओलांडून आत आला. आईचा हात सवयीनं बटणाकडं गेला. मी तो धरला.

"सोड गं, पाव्हणं आल्यात."

"ही पाव्हणं न्हाईत, आई."

दारात जाऊन मी शेजारच्या आक्काला ओरडून सांगितलं, "थांबवू नगा!" तिनं पुढच्या घराला सांगितलं. गल्ली खडखडत राहिली. नगरसेवकानं कानांवर हात ठेवले.

"बंद कर ते! काय ऐकू येत न्हाई!"

"मग वरडून बोला. आमचं आप्पा जन्मभर तसंच बोलत्यात."

तो ओरडला. गळ्याच्या शिरा ताठ होईस्तोवर ओरडला. त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर तूस बसत होतं. चहा कुणीच ठेवला नाही.

निर्णय फिरेल, असं मला वाटत नाही. कराची नोटीस दाराला चिकटवून गेलेत. चिकटू दे. माग बंद करायचा असेल तर त्यांनी पोलीस आणावेत आणि स्वतःच्या हातानं वायर तोडावी. चालता माग तोडला, हे सगळ्या वडगावानं बघावं. आमच्या हातानं ते बटण आता बंद होणार नाही. माझं मढं निघालं तरी माग थांबवायचा नाही, असं आईला सांगून ठेवलंय.