रोलरवरचा आकडा

दादाच्या गॅरेजात देवाच्या फोटोशेजारी एक लॅमिनेट केलेला कागद लावलाय. गाडी रोलरवर चढवून, पट्ट्यांनी जमिनीला बांधून इंजिनाची ताकद मोजली होती, तिचा आकडा त्यावर आहे. दोन वर्षांच्या मेहनतीचा, चांगला मोठा.

काल शर्यतीत हिरवा दिवा लागला. आमची चाकं जागच्या जागी फिरली, धूर झाला आणि शेजारची साधी गाडी निघून गेली.

"शर्यतीआधी गाडीची पूजा केली, तेव्हा टायरना पॉलिश मारलं मी," दादा म्हणाला. "घसरले."

मी मान हलवली. मला नवल वाटलं नाही. रोलरवर काढलेल्या त्या आकड्यात रस्ता धरलेलाच नव्हता.

आज दादाने कागदाला फूल वाहिलं आणि टायर घासायला बसला. मी घरी आलो. माझ्या कपाटात पहिल्या नंबराच्या गुणपत्रिकांची फाईल आहे. कुठल्या कामासाठी तिची नाडी शेवटची कधी सोडली, आठवत नाही.