आबांच्या नावावर बंद झालेल्या तक्रारी

मी नगरपालिकेत संगणक चालवते. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी माझी नवी ऑर्डर निघते, आणि ती हातात पडेपर्यंत मी कोणाशी भांडत नाही. एरवी माझं तोंड बरंच चालतं, असं माहेरी नशिराबादला अजूनही सांगतात. नगरपालिकेचं गाव धुळ्याच्या बाजूचं आहे एवढंच इथे लिहिते. जे लिहायचं ते गावाबद्दल नाहीच, माझ्याबद्दल आणि आमच्या गटार विभागाच्या मुकादमाबद्दल आहे. त्यांना सगळं ऑफिस आबा म्हणायचं.

गटार तुंबलं, दिवा गेला, चेंबरचं झाकण फुटलं, की माणसाने तक्रार करायची. तिला नंबर पडायचा, ती त्या विभागाच्या यादीत जायची, काम झालं की आम्ही ती बंद करायचो आणि तक्रारदाराच्या मोबाइलवर तसा मेसेज जायचा. हे सगळं एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. जुन्या करारात लायसन्सं इतकी मोजकी होती की एका विभागाला एकच आयडी मिळाला. तो साहेबांच्या नावाने काढावा, तर साहेबांची बदली होते. म्हणून विभागातल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या नावाने काढायचा, असं कोणीतरी डोकं लढवलं. गटार विभागात सगळ्यात जुने आबा. ज्या माणसाला सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं, त्याच्या नावाने संगणकाचा आयडी निघाला.

तो आयडी मी वापरायची, निरीक्षक वापरायचे, शेजारचा क्लार्कही वापरायचा. पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवला होता. एकदा मी आबांना सांगितलं, तुमच्या नावाने आम्ही सगळे काम करतो बरं का. ते हसले. "करा ना पोरी, बठ्ठा करा. मनं काय जास?"

आबा दोंडाईच्याजवळच्या खेड्यातले, बोलायचे अहिराणीच. रोज सकाळी मी बाकी तक्रारींची यादी छापायची आणि मोठ्याने वाचायची. ते डोळे मिटून ऐकायचे, कागद खिशात टाकायचे आणि माणसं घेऊन निघायचे. यादीबाहेरच्या कामाला स्टोअरमधून खिळासुद्धा मिळत नसे, त्यामुळे यादी हीच त्यांची दिवसभराची दुनिया. महिनाअखेरीला मी बंद झालेल्या तक्रारींचे कागद छापायची आणि जिथे बोट ठेवीन तिथे आबा सही करायचे. काय लिहिलंय हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी वाचून दाखवलं नाही. सकाळची यादी वाचायची, महिन्याची नाही, अशी आमची पद्धतच पडली होती. याला तेव्हा आम्ही विश्वास म्हणायचो.

निवृत्तीला त्यांना पाच महिने राहिले होते. आयुष्यभराच्या नोकरीत एक मेमो नाही, एक ताशेरा नाही. आबांना कशाचा गर्व असेल तर एवढाच. बाकी माणूस साधा होता, पण हे मात्र चहावाल्यालासुद्धा सांगायचा. कोऱ्या सेवापुस्तकानिशी घरी जायचं, त्यांना दुसरं काही नको होतं.

तेवढ्यात करार वाढवायचा ठराव झाला. जुन्या लायसन्सांची मुदत संपत आली होती. नव्या करारात प्रत्येकाला स्वतःचा आयडी, मोबाइलवर ॲप, कामाच्या जागेचा फोटो. जळगावहून कंपनीचा माणूस आला, लॅपटॉप उघडून त्याने सगळं समजावलं. बंद झालेल्या तक्रारी जशाच्या तशा नव्या सॉफ्टवेअरमध्ये जातील, म्हणाला. ज्या अजून उघड्या आहेत, त्या प्रत्येकीची मात्र जागेवर जाऊन खात्री करा, फोटो काढा, मगच त्या पुढे नेता येतील. आणि हे मुदतीच्या आत.

गटार विभागाच्या उघड्या तक्रारी शंभराच्या वर होत्या. मुदतीला दोन दिवस. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सगळ्या बंद करून टाका. ज्याला खरंच त्रास आहे तो परत करेल तक्रार." मी विचारलं, लेखी देता का सर. माझी नवी ऑर्डर त्यांच्याच टेबलावर सहीवाचून पडली होती. मी बरं म्हणाले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ते केलं. यादीच्या डोक्यावर एक चौकोन असतो, त्यावर टिचकी मारली की खालच्या सगळ्या तक्रारी निवडल्या जातात. मग 'काम पूर्ण' निवडायचं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आबा समोरच्या बाकावर कळण्याची भाकरी आणि ठेचा खात बसले होते. अर्धी भाकरी मोडून त्यांनी माझ्यापुढे धरली. "व्हयनं का तुनं काम?" मी हो म्हणाले आणि भाकरी घेतली. महिना संपतच होता, म्हणून कागदही लगेच छापले. आबांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि माझ्या बोटामागोमाग एकेका पानावर सही केली. मला तेव्हा काही वाटलं नाही. हे लिहिताना वाटतंय, पण तेव्हा खरोखर काही वाटलं नाही.

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं. पहिल्या सकाळी आबा आले, डोळे मिटून उभे राहिले. मी म्हणाले, आज यादी निल आहे आबा. त्यांना पटेना. मग म्हणाले, बरं व्हयनं, माणसांना जरा इसावा. लोकांनी परत तक्रारी केल्या नाहीत. कशाला करतील? काम झाल्याचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर पोचला होता. पालिकेचा मेसेज म्हणजे उशिराने होणाऱ्या कामाची वर्दी, असं आमच्याकडचे लोक धरून चालतात. माणसं येतीलच आज-उद्या, म्हणून ते थांबून राहिले.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी गल्लीभर धावपळ असते, ओटे धुतले जातात, ड्रम भरून वाहतात, रस्त्यावर घोटाभर पाणी साचतं. अशाच एका पाण्याच्या दिवशी, चांगलं उजाडल्यावर, एक बाई हंडा घेऊन शेजारच्या नळावर निघाली होती. गल्लीतल्या चेंबरला झाकण नव्हतं. वरून पाणी वाहत असल्याने भोक नेमकं कुठे आहे ते तिला दिसलं नाही. ती आत गेली, डोकं कडेवर आपटलं. धुळ्याला नेताना वाटेतच संपली. आठवीतली मुलगी मागे राहिली.

झाकणाची तक्रार त्याच बाईने केली होती. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे,' हा मेसेज तिच्या मोबाइलमध्ये होता. तिच्या नवऱ्याने तो पोलिसांना दाखवला.

चौकशी बसली. बाहेरच्या कार्यालयातले एक अधिकारी आले. आत जायच्या आधी साहेबांनी मला व्हरांड्यात गाठलं आणि हळूच म्हणाले, "विचारतील तेवढंच सांगा." अधिकाऱ्यांनी नोंदीचा कागद पुढे केला. हा आयडी कोणाचा? आबांचा, मी म्हणाले. ही सही कोणाची? आबांची. सही तुमच्यासमोर केली? हो. एवढंच विचारलं. बटण कोणी दाबलं हे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा, खरं सांगायचं तर, माझा जीव भांड्यात पडला होता.

निरीक्षकाने आणि क्लार्कनेही कानावर हात ठेवले. आबा निलंबित झाले. आता पुस्तक कोरं राहणार होतं की नाही, ते या एका कागदावर ठरायचं होतं.

आठवड्याने आबा ऑफिसात आले. मला वाटलं, आता मला उभी-आडवी घेतील. मी मनातल्या मनात तयारी करून बसले. ते नेहमीच्या बाकावर बसले आणि हळू आवाजात विचारलं, "पोरी, मी त्या गल्लीमा कव्हय गयथू? माले जरा तारीख सांग."

मला कळेचना. आबा म्हणाले, आठवतच नाही. हाताखालची पोरं सांगतात आपण गेलोच नव्हतो. पण कागदावर तारीख आहे, वेळ आहे, सही आहे. गेल्या वर्षापासून थोडं विसरायला होतंय, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. न जाताच झालं म्हणून सांगितलं की काय मी? की झाकण टाकलं आणि मागून कोणी चोरलं? रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतंय. ज्या माणसाला गावातलं एकेक चेंबर पाठ होतं, तो माझ्याकडे स्वतःची आठवण मागायला आला होता. मग त्यांनी सरळच विचारलं, "कंपुटर खोटं बोलस का, पोरी?"

साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी म्हणाले, "नाही आबा. खोटं नाही बोलत."

त्यांनी मान हलवली. उठले, गेले. त्या वेळी मी बोलले असते तर माझी नोकरी गेली असती, बहुतेक. गेली असती तर गेली असती. आज हे लिहिणं फार सोपं आहे.

तिथून ते थेट त्या बाईच्या घरी गेले. हे मला नंतर कळलं, आणि कसं कळलं तेही सांगते. काही दिवसांनी तिचा नवरा पालिकेत अर्ज घेऊन आला. भला माणूस. अर्जात लिहिलं होतं की मुकादम आबा स्वतः घरी आले, माझ्या मुलीच्या पायावर डोकं ठेवलं, माझ्या हातून चूक झाली म्हणून रडले. म्हाताऱ्या माणसाला आणखी शिक्षा नको, आमची त्यांच्यावर तक्रार नाही. तो अर्ज मीच आवक करून घेतला. सोडवायला दिलेला अर्ज होता. चौकशी अधिकाऱ्यांनी त्यातल्या 'माझ्या हातून चूक झाली' या शब्दांखाली लाल रेघ मारली आणि शेरा लिहिला: कबुली. तेवढीच त्यांना हवी होती. निवृत्तीच्या महिनाभर आधी आबांना सेवेतून काढून टाकल्याचा आदेश निघाला. माझी रखडलेली नवी ऑर्डरही त्याच पंधरवड्यात निघाली.

ती ऑर्डर घेऊन मी तीन महिने काढले. मग झेपेना. एका रविवारी बस धरून दोंडाईच्याला उतरले, तिथून रिक्षाने त्यांच्या खेड्यात गेले. आबा ओट्यावर बसले होते. खूप वाळले होते. सुनेने पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेली.

मी सगळं सांगितलं. चौकोन, टिचकी, साहेबांचा तोंडी हुकूम, भाकरी खाल्ली तेही. म्हणाले, आबा, तुम्ही काहीच केलं नाही, तुम्ही काही विसरलाही नाहीत, ते मी केलं. उद्या लेखी द्यायला तयार आहे. मी रडत होते, पण नीट सांगत होते, एकेक गोष्ट क्रमाने, सकाळी यादी वाचायची तशी.

ते डोळे मिटून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"नको पोरी," ते म्हणाले. "माले बरं वाटाले पायजे म्हनीसन तू आते खोटं बोली ऱ्हायनी."