तानाबाईंचा बिनमातीचा घट

समोरच्या दारातल्या तानाबाईंना "दमलाय काय?" असं विचारायची सोय नाही. "मला काय धाड भरलीया?" हे उत्तर ठरलेलं. अंगावरून वारं जाऊन डावं अंग लुळं पडलेल्या नवऱ्याला, आण्णांना, उठवायचं, पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची. वर पाणी चढलं नाही तर खालून कळशी आणायची. बाई भिंत धरून चालते, तरी उत्तर तेच. मला तर कधीकधी रागच येतो.

आण्णांच्या ऑपरेशनापायी गडमुडशिंगी गावचं पिकतं रान विकलं, हे आण्णांना ठाऊक नाही. "सांगू नको, धसका घेतील," एवढं बजावून मुलगा अमरसिंह पुण्याला गेला. त्याला काय, तोंड बंद ठेवायचं काम आईकडं.

नवरात्र तोंडावर आलं आणि तानाबाई माझ्याकडं येऊन बसल्या. त्यांच्या घटाला माती रानातलीच लागते, आणि रानात आता मुरूम टाकून प्लॉट पाडलेत.

"खालच्या बागेतली घ्या की, काकी."

"दुसऱ्याच्या मातीत आमचा घट? न्हाय जमायचं."

माझ्या गॅलरीत मी मातीविना रोपं करते, नारळाच्या काथ्याच्या भुशात. कोकोपीट म्हणतात त्याला. त्याची वीट पाण्यात टाकली की फुगून बादलीभर होते. ती फुगताना तानाबाई बघत राहिल्या.

"ही कुणाच्याच रानातली न्हाय न्हवं? मग चालंल."

खत लागत नाही, मी सांगितलं. नऊ दिवस बीला स्वतःचाच शिधा पुरतो. पाणी मात्र बेतानं घाला, भुसा ते धरून ठेवतो.

पण जन्माची सवय मातीची. रोज तांब्याभर ओतलं आणि तिसऱ्या माळेला आंबूस वास सुटला. तानाबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. घट जसा येईल तसं रानाचं पीक, हा आण्णांचा हिशेब. घट कुजला तर ते रानाची चौकशी करणार, आणि मग खोटं कुठवर बोलायचं? बसलेला घट हलवायचा नसतो. मग आम्ही दोघींनी जुन्या धोतराच्या चिंध्या वळून वाती केल्या, एक टोक भुशात खोचलं, दुसरं बाहेर खाली वाटीत सोडलं आणि साठलेलं पाणी थेंबथेंब बाहेर ओढलं.

घट वाचला. चांगला वीतभर आला. आण्णा खाटेवरून म्हणाले, "औंदा पीक झ्याक येतंय बघ." तानाबाई भांडी घासायच्या निमित्तानं आत गेल्या.

दसऱ्याला त्यांनी आण्णांच्या टोपीत खोचायला घटातला तुरा उपटला. मी सोनं द्यायला गेले होते. आण्णांनी उजवा हात पुढं केला. तुरा घेतला, मुळाशी चिकटलेला भुसा दोन बोटांत चुरला आणि नाकाशी नेला.

"माती न्हाय ही."

तानाबाई खाटेवरची चादर सारखी करू लागल्या.

"रान गेलं व्हय?"

"तुमच्या आपरेशनाला."

आण्णांनी डोळे मिटले. तुरा मुठीत घट्ट धरला. मग तो तानाबाईंच्या हातात परत दिला आणि मान पुढं केली. त्यांनी टोपीत खोचला. दोनदा खोचावा लागला.

"एवढं दीस एकटीच वझं व्हायलीस," आण्णा म्हणाले. "लई दमलीस न्हवं?"

मला वाटलं, आता येणार ते धाड भरल्याचं उत्तर.

"व्हय," तानाबाई म्हणाल्या, आणि खाटेच्या कडेला टेकल्या.